मौजे बोरखडीच्या थकल्या बिलाची मोहीम

श्री. बोरखडीचा म्हसोबा समर्थ. शके अठराशे चौऱ्याण्णव, परिधावी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. जगी मोठमोठे संग्राम जाहले, तख्ते पालथी पडली, त्यांच्या हकीकती थोरांनी लिहून ठेविल्या. परंतु घर एक, धनी दोन आणि मध्ये विजेचे बिल, ते कोणी भरावे याकरिता जो रणसंग्राम बेलापूर प्रांती जाहला, तो अद्याप कोणी लिहिला नाही. न लिहावा तर पुढील पिढ्या घरे विकत घेतील आणि अंधारात बसतील. म्हणोन जे पाहिले, जे विश्वासू माणसांकडून ऐकिले, ते पदरचे काही न घालिता लिहितो. श्रोते सावध असावे.

बेलापुरापासून दोन कोसांवर मौजे बोरखडी. तेथे राजश्री काकासाहेब या नावाचे बागाईतदार नांदत होते. मोसंबीची बाग, उसाचा मळा, दारी जीप, आणि शब्द ऐसा की वर गेला तर गावात वाऱ्यानेही पान हलवू नये. गावात विजेचा खांब प्रथम आला तो यांचेच दारी. मग त्यांनी घरात दिवे लाविले, माजघरात पंखा टांगिला, तुळशीपुढे दिवा, न्हाणीत दिवा, इतकेच काय तर गोठ्यातही दिवा लाविला, आणि बैल रात्रभर डोळे मिटून उजेडात रवंथ करू लागले. घराच्या पडवीत पिठाची गिरणी बसविली, ती सगळ्या गावात एकच. उजेड बहुत जाहला. बिलेही बहुत आली. काकासाहेबांनी ती वाचून खुंटीस लाविली आणि खुंटी भरली तेव्हा दुसरी खुंटी ठोकिली. विजेच्या कचेरीतील मंडळी तगाद्यास येत, त्यांस चहा मिळे, मोसंबी मिळत, आणि तगादा पुढल्या महिन्यावर जाई.

पुढे काकासाहेबांनी बेलापुरात सिमेंटचा नवा बंगला बांधिला आणि बोरखडीचे घर गिरणीसुद्धा विकावयास काढिले. ते घेणारे रंगनाथपंत. हे आमच्या हकीकतीचे नायक, म्हणोन यांचा स्वभाव सांगणे अगत्य आहे. रंगनाथपंतांचे वडील काकासाहेबांच्या घरी सालाने राबले. रंगनाथपंत स्वतः साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर नोकरी करून निवृत्त जाहले आणि फंडाचे पैसे हाती आले, तेव्हा ज्या घराच्या ओट्याखाली बापाने जन्म काढिला तेच घर आपण घ्यावे, ऐसे त्यांचे मनी आले. शूर म्हणावे तर काट्यावर अडमुठ्या गाडीवानांसही दबत नसत. परंतु काकासाहेब समोर दिसले की हात आपोआप जुळत आणि पाय आपोआप वहाणांतून बाहेर येत. खरेदीखताचे दिवशी काकासाहेबांनी विचारिले की काही पुसावयाचे आहे काय, तेव्हा यांनी नाही म्हणोन मान हलविली आणि अंगठ्याच्या जागी झोकदार सही केली. बापाचा अंगठा होता, आपली सही आहे, या आनंदात विजेची गोष्ट पुसावयाची राहिली.

रंगनाथपंतांच्या कुटुंबाचे नाव गोजरबाई. गिरणी यांनी हाती घेतली. पट्टा चढविणे, चाळणी पाहणे, कोणाचे दळण जाड, कोणाचे बारीक, सारे बाईंस तोंडपाठ जाहले. भुवया पिठाने पांढऱ्या झाल्या तरी बाई पुसत नसत. ते वर्ष दुष्काळाचे. प्रवरेस वाळू दिसो लागली, विहिरी आटल्या, आणि गावच्या बाया सरकारी कामावर खडी फोडावयास जाऊ लागल्या. रेशनवर परमुलुखातील तांबडी मिलो ज्वारी मिळे, ती चवीस कडू आणि दळावयास चिवट. दिवसभर खडी फोडून आलेल्या बाईने रात्री ती जात्यावर कैसी दळावी? म्हणोन सांजेस साऱ्या गावाचे डबे गोजरबाईंच्या पडवीत येत. गिरणी चाले, चुली पेटत, आणि रंगनाथपंत ओट्यावर बसून गिरणीचा आवाज ऐकत. त्यांस त्यापरते संगीत नव्हते.

ऐसे सुख चालले असता एके दिवशी विजेच्या कचेरीचा तारवाला छगन सायकलीवर शिडी घालोन आला. तो राम राम करून खांबावर चढला आणि खाली उतरला तेव्हा गिरणी मुकी जाहली होती. पुसिले असता बोलिला की माझा राग धरू नका, हुकूम वरून आहे, या मीटरावर मोठी थकबाकी आहे. मग पाणी मागोन प्याला, डबे घेऊन उभ्या राहिलेल्या बायांकडे न पाहता सायकल वळविली, आणि गेला.

रंगनाथपंत दुसरे दिवशी धुवट टोपी घालोन, खरेदीखत पिशवीत घालोन, मोटारीने तालुक्याच्या कचेरीत दाखल जाहले. साहेब टेबलामागे विराजमान होते. पंतांनी अर्ज गुजरिला की उजेड ज्यांनी जाळिला त्यांजकडून वसूल व्हावा, आमची गिरणी सुरू व्हावी. साहेबांनी बहुत शांतपणे फर्मान केले जे, आमचे दप्तरी ग्राहक म्हणोन काकासाहेबांचे नाव आहे, तुमचे नाही. सबब तुम्ही आमचे ग्राहक नाही आणि तुमची तक्रार आम्हांस ऐकता येत नाही. पंत बोलिले की ठीक, मग बिलही माझे नव्हे. त्यावर दुसरे फर्मान जाहले जे, बिल मीटरामागे जाते, मीटर घरामागे जाते, आणि घरात तुम्ही राहता. सबब बिल तुम्हीच भरावे. पंत बाहेर येऊन वडाखाली बसले आणि बहुत वेळ विचार करीत राहिले, की तक्रारीपुरता मी कोणी नाही आणि बिलापुरता मीच सर्व, हा कायदा कोण्या शास्त्रीबोवांनी रचिला असेल. मोटार मात्र सुटली.

मग काकासाहेबांकडे वकिली करणे प्राप्त जाहले. पंत बेलापुरास गेले. बंगल्याच्या पायरीवर वहाणा निघाल्या, हात जुळले. काकासाहेबांनी बसविले, चहा पाजिला, कारखान्याच्या गप्पा केल्या, पंतांच्या बापाच्या इमानाची तारीफ केली, आणि पंत पिशवीभर मोसंबी घेऊन घरी परतले. बिलाचे अवाक्षर निघाले नाही. गोजरबाईंनी पिशवी उघडली, मोसंब्यांकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले, आणि इतकेच म्हणाल्या,

"भीड भिकेची बहीण हाय. दोगी एका घरात नांदत्यात."

हा घाव वर्मी लागला. पंत फिरोन गेले आणि या खेपेस डोळे मिटून, जैसे थंड पाण्यात उडी घालावी तैसे, एका दमात बोलून टाकिले. काकासाहेब रागावले नाहीत. त्यांनी आज्ञा केली जे, घर जसे होते तसे विकिले, त्यात जे जे होते ते ते तुमचे. खरा पेच पुढेच होता. बोलिले की शिवाय मी बिल भरिले तर मी थकविले होते ऐसे ठरते. आणि आमचे घराण्यात आजवर कोणी काही थकविले नाही. ऐसे म्हणोन त्यांनी पानाचा डबा पुढे केला. पंत पान खाऊन परतले. श्रोत्यांनी हसू नये. आपण काकासाहेबांसमोर उभे राहिला असता तर पान खाल्लेच असते.

इकडे गावात हाहाकार. बाया खडी फोडून येत आणि तशाच डबे घेऊन बेलापूरच्या गिरणीस जात. तेथे दहा गावांची गर्दी, नंबर लागता लागता दिवे लागत. घरी पोरे दाराशी बसून वाट पाहत आणि उपाशीच निजत. कोणी मिलो भरडून नुसतीच शिजविली, ती पोरांस बाधली. रंगनाथपंत ओट्यावर बसत ते आत बसू लागले. वाटेने बाया डबे घेऊन जाताना घराकडे पाहत, आणि ते पाहणे पंतांस सोसेना. शेवटी एके दिवशी त्यांनी बायकोच्या हातांतील पाटल्यांकडे पाहिले आणि चाचरत म्हणाले की मोडाव्या, भरून टाकावे आणि मोकळे व्हावे.

गोजरबाई म्हणाल्या, "गिरणीपायी मागितल्या असत्या तर आत्ता काढून दिल्या असत्या. काकासाहेबांच्या पंख्यापायी न्हाई देनार."

तेच सांजेस पडवीत मसलत भरली. मसलतीस बौद्धवस्तीतील भिमाबाई आल्या. या खडीच्या कामावर बायांच्या टोळीच्या मुकादम, नवरा मुंबईस मिलमध्ये, जीभ तिखट आणि डोके थंड. कोणी म्हणे कलेक्टरास अर्ज करावा, कोणी म्हणे उपोषणास बसावे, तेव्हा एक म्हातारी बोलिली की उपोषण तर चालूच आहे. सर्वांचे बोलून जाहल्यावर भिमाबाई बोलल्या,

"दळायला बेलापूरला तर जायचंच हाय. मंग गिरणीवर कशापायी? काकासाहेबांचा वटा लई ऐसपैस हाय. तितंच दळू."

मसलत एकदम गार जाहली आणि मग पेटली. घरोघरी माळ्यावर, कोनाड्यात, उकिरड्याकडे पडलेली जाती बाहेर निघाली. गिरणी आल्यापासून त्यांस कोणी हात लाविला नव्हता. एका जात्यात कोंबडी अंडी घालीत होती, तिची समजूत घालणे भाग पडले. पाथरवटास बोलावून जात्यांस टाकी लाविली, खुंटे नवे ठोकिले, आणि हा तोफखाना सहादू गाडीवानाच्या गाडीत चढविला. बैल दुष्काळाने उतरले होते, सबब चढावर बायांनी मागून गाडी रेटिली. पंतांस बाईंनी सांगितले नव्हते की चला. ते आपण होऊनच गाडीमागे निघाले, टोपी डोळ्यांवर ओढून, जणू ही गाडी आपली नव्हे आणि ही फौजही आपली नव्हे.

फटफटताना फौज काकासाहेबांच्या बंगल्यासमोर दाखल जाहली. ओटा खरेच ऐसपैस होता. जाती ओळीने मांडिली, बाया दोघी दोघी समोरासमोर बसल्या, सगळ्या आळ्यांच्या, सगळ्या जातींच्या. दुष्काळाने जी एक भली गोष्ट केली ती ही, की कोण कोणाच्या जात्यावर बसली हे पुसावयास कोणास ताकद राहिली नव्हती. मग घरघर सुरू जाहली. काकासाहेब बाहेर आले आणि पुसिले की हे काय. गोजरबाईंनी पदर सावरून अदबीने अर्ज केला की आमच्या गावी गिरणी बंद आहे, दळण आपल्या दारी आणिले आहे, थोरांच्या दारी नाही तर कोठे जावे. काकासाहेबांस यावर हाकलून द्यावे ऐसे कारण सापडेना. दळण दळणाऱ्या बाईस ओट्यावरून उठविले, ऐसे बेलापुरात जाहीर होणे बरे नव्हते. ते आत गेले. तेव्हा गोजरबाईंनी सूर लाविला,

"पहिली माझी ओवी गं, विजेच्या खांबाला,
घरधनी गेला, बिल ठेवून आम्हांला."

आणि दुसऱ्या जात्यावरून भिमाबाईंनी उचलिली,

"दुसरी माझी ओवी गं, पंख्याच्या वाऱ्याला,
वारा खाई धनी, घाम फुटे शेजाऱ्याला."

काकासाहेबांनी खिडक्या लावून घेतल्या. मग रेडिओची तोफ डागिली, परंतु रेडिओवर तेव्हा शेतीविषयक सल्ला चालला होता. हरभऱ्यावरील घाटे अळी आणि जात्यावरील ओवी यांत लोकांनी ओवी पसंत केली. रस्त्यावर माणसे जमली. शाळेस जाणारी पोरे ओव्या पाठ करून गेली आणि दुपारपर्यंत पेठेत, वखारीत, न्हाव्याच्या दुकानी एकच विषय जाहला. दळण संपले तेव्हा बायांनी ओटा स्वच्छ झाडिला, राम राम केला आणि कामावर गेल्या. जाती तेथेच राहू दिली. दुसरे दिवशी पुन्हा तेच. काकासाहेब त्या दिवशी पेठेत गेले असता वाण्याने अदबीने पुसिले की आपल्याकडे दळण काय भावाने होते. ते घरी येऊन जेवले नाहीत.

तिसरे दिवशी तहाचे बोलणे निघाले. काकासाहेब फेटा बांधोन ओट्यावर आले, बायांस हाताने थांबविले, आणि रस्त्यावरील मंडळींस ऐकू जाईल ऐसे जाहीर केले जे, बोरखडीच्या बायांचे हाल आम्हांस पाहवत नाहीत. रंगनाथ आमचे पदरच्या माणसाचा मुलगा, अडचणीत आहे, सबब त्याची थकबाकी आम्ही आपल्या पदरून, उपकार म्हणोन, भरीत आहो.

रस्त्यावर लोकांनी माना डोलाविल्या. बायाही एकमेकींकडे पाहू लागल्या, की गिरणी सुरू होत आहे, मग नाव कोणाचेही होवो. कोणी खुंट्यावरून हातही काढिला. इतक्यात रस्त्यापलीकडील लिंबाखाली बैलांची वेसण धरून उभे असलेले रंगनाथपंत हलले. त्यांनी वेसण सहादूचे हाती दिली आणि ओट्याशी आले. सवयीप्रमाणे पाय वहाणांतून निघू लागले, ते त्यांनी खाली पाहून पुन्हा आत घातले. बाप डोळ्यांपुढे आला, याच माणसाच्या दारी उकिडवा बसलेला. मग पंत बोलले, आवाज मोठा नव्हता,

"काकासाहेब, उपकार नको. घर मी इकत घेतलं. तुमी जाळलेला उजेड न्हाई घेतला."

तह मोडला. काकासाहेबांचा चेहरा प्रथम लाल, मग पांढरा जाहला. आजवर त्यांस तोंडावर नकार देणारा मनुष्य त्यांनी पाहिला नव्हता आणि पाहिला तो सालगड्याचा पोर. ते इतकेच म्हणाले,

"मंग दळा. जलमभर दळा."

ऐसे म्हणोन वळले, तो दारात बनुबाई उभ्या. या काकासाहेबांचे कुटुंब. बोरखडीस चाळीस वर्षे नांदल्या, तेथील एकूण एक बाईचे बाळंतपण यांनी पाहिलेले. बेलापुरात आल्यापासून सिमेंटच्या बंगल्यात बोलावयास माणूस नव्हते. दोन दिवस त्या खिडकीआडून ओव्या ऐकत होत्या, आणि ओठ हलत होते, हे मोलकरणीने मागाहून सांगितले. त्या नवऱ्याकडे न पाहता बाहेर आल्या, गोजरबाईंचे समोर मांडी घालोन बसल्या, पदर खोचिला आणि खुंट्यास हात घातला. काकासाहेब दबक्या आवाजात बोलिले की आत चला, लोक पाहतात. बाई उठल्या नाहीत. जाते फिरो लागले. आता श्रोते जाणतातच की त्या पिढीची बाई नवऱ्याचे नाव तोंडी घेत नाही, घेतले तर लग्नात किंवा सणावारी, लाजत. बनुबाई लाजल्या नाहीत,

"तिसरी माझी ओवी गं, कपाळीच्या कुंकवाला,
काकासाहेब, बिल भरा, डाग नको नावाला."

या एका गोळ्याने किल्ला पडला. काकासाहेब आत गेले आणि कोट घालोन बाहेर आले. जीप काढिली. पंतांसमोर येऊन, दुसरीकडे पाहत, बसा म्हणाले. पंत मागे बसू लागले, तेव्हा पुढे बसा म्हणाले. तालुका जवळ आला तेव्हा काकासाहेबांनी एकच गोष्ट पुसिली, की तुझा बाप आमच्याकडे कधी असे बोलला काय. पंत म्हणाले की न्हाई, त्याच्या मनात लई होतं. काकासाहेबांनी जीप हळू केली.

कचेरीत साहेबांनी काकासाहेबांस खुर्ची दिली. काकासाहेबांनी आपले नावाने, आपले हाताने, सारे बिल भरिले आणि पावती घेतली. साहेबांनी फर्माविले की बिल मीटरामागे जाते हा नियम कायमच आहे, परंतु काकासाहेब स्वखुशीने भरीत असतील तर हरकत नाही. तेच दिवशी छगन सायकलीवर आला, खांबावर चढला आणि वरूनच ओरडून पुसिले, की चालू करू काय. गोजरबाईंनी पट्टा चढविला. मोटर घुरघुरली, पडवी थरथरली, पीठ उडाले. पहिले दळण भिमाबाईंचे पडले, आणि त्या घरी गेल्या तेव्हा पोरे अजून जागी होती.

जाती बेलापुराहून परत आली, एक खेरीज करून. ते बनुबाईंनी मागोन ठेवून घेतले.

येणेप्रमाणे बोरखडीची मोहीम फत्ते जाहली. घर ज्याने घेतले ते त्याचे राहिले, उजेड ज्याने जाळिला त्याने त्याचे मोल दिले, आणि राजश्री रंगनाथपंत पुन्हा ओट्यावर बसो लागले, हे सर्वांचे साक्षीने येथे नमूद केले असे. दप्तरी ग्राहकाचे नाव बदलून मिळावे म्हणोन पंतांनी अर्ज दिला, तो साहेबांचे विचारात आहे. तोवर बिले काकासाहेबांचेच नावे येतात आणि पंत ती मुदतीआधी भरितात. सबब विजेच्या कचेरीत काकासाहेबांऐसा चोख ग्राहक पंचक्रोशीत नाही, ऐसी ख्याती जाहली आहे. काकासाहेब ती नाकारीत नाहीत.